चुनखडीच्या जमिनीत कोंडलेले स्फुरद

(ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२०२४ च्या रब्बी हंगामाच्या तोंडावर देशाच्या अनेक भागांत डीएपीच्या गोणीसाठी शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. वृत्तपत्रांतून त्या रांगांची छायाचित्रे आली. चर्चा झाली ती पुरवठ्याची, साठेबाजीची आणि आयातीची. ती व्हायलाच हवी होती. परंतु त्या रांगांत उभ्या असलेल्या कित्येक शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतात, त्यांनीच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पैसे मोजून टाकलेल्या स्फुरदाचा मोठा हिस्सा अजून पडून आहे, हा विषय मात्र कोणाच्या चर्चेत आला नाही. आजच्या विवेचनाचा विषय तो आहे. दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद अडकते म्हणजे नेमके काय होते, ते किती अडकते, कोणत्या उपायांनी सुटते आणि कोणते उपाय निव्वळ बाजारात खपवले जातात, हे समजून घेतल्याशिवाय खतांच्या स्वावलंबनाची भाषा पोकळ राहते.

येथे बसलेल्या सगळ्यांचाच शेतीशी रोजचा संबंध नाही. शहरातून आलेले बंधुभगिनीही बऱ्याच संख्येने आहेत. त्यांच्यासाठी प्रारंभी थोडी ओळख. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. १६६९ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे हेनिग ब्रांड नावाच्या किमयागाराने सोने मिळवण्याच्या हव्यासापायी मूत्र आटवले आणि त्याच्या हाती अंधारात चमकणारा हा पदार्थ लागला. सोने मिळाले नाही, पण जे मिळाले त्यावाचून सृष्टीतील एकही पेशी जगू शकत नाही. पेशीतील ऊर्जेचा व्यवहार स्फुरदाच्या आधारे चालतो, आनुवंशिकतेचा धागा स्फुरदाने जोडलेला असतो. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम स्फुरद असते आणि त्यातील ८५ टक्के हाडांत आणि दातांत. तेथे ते चुन्याच्या मूलद्रव्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, घट्ट बांधलेले असते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा उपयोगी पडणार आहे. पिकाला स्फुरद हवे ते प्रामुख्याने मुळांच्या वाढीसाठी आणि दाणे भरण्यासाठी. रोप लहान असतानाच ते मिळाले नाही, तर पुढे कितीही दिले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही.

आता जमिनीकडे वळू. महाराष्ट्राचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यातून बनले. त्या काळ्या पाषाणात कॅल्शियमयुक्त खनिजे भरपूर. पाषाण झिजला, माती झाली आणि कॅल्शियम मोकळे झाले. कोकणात पाऊस इतका की तो कॅल्शियम धुऊन समुद्रात घेऊन गेला. तेथे उरली लोहाने भरलेली, आम्लधर्मी जांभी माती. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, पाऊस अपुरा पडला. मोकळे झालेले कॅल्शियम जमिनीबाहेर गेलेच नाही. हवेतील आणि मुळांनी सोडलेल्या कर्बवायूशी त्याचा संयोग होऊन त्याची चुनखडी झाली. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा, विदर्भाचा बराच भाग येथे नांगराच्या फाळाला जे पांढरे खडे लागतात, ती हीच चुनखडी. काही शेतांत ती डोळ्यांना दिसते, काही ठिकाणी पिठासारखी मातीत मिसळलेली असते. घरगुती परीक्षा सोपी आहे: मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकावेत. फसफसून फेस आला की चुना आहे, हे समजावे.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की ही चुनखडी केवळ प्राचीन वारसा नाही. कोरड्या हवामानात ती आजही जमिनीत तयार होत आहे. त्यात मनुष्य भर घालतो ती वेगळीच. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे पाजल्याने चुना वाढतो. जेसीबीने जमीन सपाट करताना वरची कसदार माती खाली आणि खालचा पांढरा थर वर येतो. सपाटीकरण झाल्यावर शेत दिसायला देखणे दिसते आणि पहिल्या तीन-चार हंगामांत पीक पिवळे का पडते, हे कोडे मालकाला सुटत नाही.

अशा जमिनीचा सामू साधारण आठच्या आसपास असतो. चुनखडी त्याला तेथे धरून ठेवते. आम्ल टाकले तर चुनखडी ते पिऊन टाकते आणि सामू होता तेथे येतो. या जमिनीत खताचा दाणा पडला, तो ओलाव्याने विरघळला, की त्यातील स्फुरद मुळापर्यंत पोहोचण्यापूर्वी दोन गोष्टी घडतात. पहिली घटना तासा-दिवसांची: स्फुरदाचे कण चुनखडीच्या, चिकणमातीच्या आणि मातीतील लोहाच्या आवरणांच्या पृष्ठभागाला चिकटतात. लोहाचा हा वाटा अनेकदा विसरला जातो. जमीन चुनखडीची असली तरी खताची मात्रा अल्प असेल तेव्हा स्फुरदाला प्रथम धरणारे हात पुष्कळदा लोहाचेच असतात. दुसरी घटना आठवड्यांची आणि महिन्यांची. खताच्या दाण्याभोवती स्फुरद दाट असते, भोवताली कॅल्शियम भरपूर असते. दोघांचा संयोग होऊन डायकॅल्शियम फॉस्फेट बनते. ते बऱ्यापैकी विरघळणारे असल्याने पिकाच्या उपयोगी पडते. काळ जातो तसे त्याचे ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेट होते. ते कमी विरघळते. आणि पुरेसा अवधी मिळाला तर अखेरीस हायड्रॉक्सीॲपेटाइट बनते. हे शेवटचे द्रव्य म्हणजे मघाशी सांगितलेल्या हाडांचे आणि दातांचे द्रव्य. शेतकऱ्याने विकत आणलेल्या खताचे दात होतात, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही.

थोडा हिशेब केला म्हणजे या घटनेचे गांभीर्य कळते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २२ लाख ४० हजार किलो धरतात. त्यात सर्व रूपांतील मिळून स्फुरद हजार किलोच्या आसपास असणे मुळीच विशेष नाही. पण मुळे स्फुरद घेतात ते मातीतील पाण्यात विरघळलेलेच. त्या थरात वाफसा असताना पावणेचार लाख लिटर पाणी आहे आणि लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम स्फुरद विरघळलेले आहे, असे धरले तर भरतात ३७ ग्रॅम. हजार किलोची तिजोरी आणि हातखर्चाला ३७ ग्रॅम! पिकाला तर हंगामात १० ते २० किलो हवे. म्हणजे हे मूठभर द्रावण हंगामात शेकडो वेळा रिकामे होऊन शेकडो वेळा भरावे लागते. जमीन कसदार आहे की नाही, हे तिजोरीच्या आकारावरून ठरत नाही. हे पुनर्भरण किती वेगाने होते यावरून ठरते. शिवाय स्फुरद नत्रासारखे पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येत नाही. एका हंगामात ते जागेवरून जेमतेम काही मिलिमीटर सरकते. मुळालाच त्याच्याकडे जावे लागते.

यामुळेच टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २५ टक्केच मिळते, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. या आकड्याचा अर्थ मात्र दोन प्रकारे लावला गेला आणि त्यातील एका अर्थाने मोठे नुकसान केले. उरलेले ७५ टक्के कायमचे गेले, वाया गेले, म्हणून दरवर्षी पूर्ण मात्रा, किंबहुना थोडी जास्तच टाका, असा सल्ला रूढ झाला. हा अर्थ चुकीचा आहे. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सायर्स, जॉन्स्टन आणि कर्टिन या तीन मृदाशास्त्रज्ञांचा अहवाल प्रसिद्ध केला. दीर्घकालीन प्रयोगांच्या आधारे त्यांनी मांडले, की जमिनीने धरलेले स्फुरद बहुतांशी परत मिळू शकते. फक्त ते एका हंगामात मिळत नाही, अनेक वर्षांत मिळते. जमिनीतील साठा एका पातळीला आला, की त्यानंतर पीक जेवढे उचलते तेवढेच परत करणे पुरेसे असते. ‘स्थिरीकरण’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. हे धन बुडालेले नाही, मुदतठेवीत अडकलेले आहे. ज्या शेतात ही ठेव झालीच नाही, त्या कोरडवाहू शेताला अर्थात हा हिशेब लागू होत नाही. तेथे स्फुरद टाकावेच लागेल. ऊस, द्राक्ष, केळी, भाजीपाला यांच्या बागायतीत आणि गरीब शेतकऱ्याच्या जिराइतात या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि सरसकट शिफारशीने दोघांचेही नुकसान होते.

मग चुनखडीच काढून टाकली तर? हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि त्याचे उत्तर म्हणून गंधक, जिप्सम, नाना प्रकारची द्रावणे विकली जातात. पुन्हा हिशेब करू. शेतात आठ टक्के चुनखडी असेल, तर वरच्या थरात ती भरते हेक्टरी सुमारे १८० टन. १०० किलो चुनखडी संपवायला ३२ किलो गंधक लागते. म्हणजे हेक्टरी ५७ टन गंधक! एवढे गंधक कोणी टाकणार नाही आणि टाकू नये. मग दोन-चार बॅगांनी चुनखडी ‘जिरवण्याचे’ आश्वासन किती खरे, ते श्रोत्यांनीच ठरवावे. जिप्सम हे चोपण जमिनीचे औषध आहे. तेथे ते सोडियमला हटवते. चुनखडीवर त्याचा उपयोग नाही, कारण ते स्वतःच कॅल्शियमचा क्षार आहे. ओळीत, मुळाजवळ थोडे गंधक दिल्याने तेवढ्या चिमूटभर जागेत आम्लता येते आणि गंधकाची गरज भागते, इतकाच त्याचा मर्यादित लाभ. चुनखडीबरोबर नांदावे लागते, तिला हाकलता येत नाही.

नांदायचे कसे, याचे पहिले उत्तर आपल्या अवजारांत आहे. खत फोकून देणे ही चुनखडीच्या जमिनीतील सर्वांत महागडी सवय. फोकलेले खत सगळ्या मातीभर पसरते, प्रत्येक दाण्याला चारही बाजूंनी चुना भेटतो आणि रब्बीत वरची माती वाळली की उरलेसुरले खत कोरड्या थरात मुळाविना पडून राहते. तेच खत ओळीत, बियाण्याच्या खाली ओलीत पेरले, तर स्फुरदाचा चुन्याशी संबंध कमी येतो आणि कोवळे मूळ सरळ त्या पट्ट्यात उतरते. दोन चाड्यांच्या पाभरीने एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत देण्याची पद्धत कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठी याच कारणाने सांगितली गेली. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. इतक्या वर्षांनंतरही फोकणाऱ्यांची संख्या पाहिली, की संशोधन केंद्र आणि बांध यांच्यामधले अंतर किती मोठे आहे ते कळते. आज बैल कमी झाले, तिफणी माळ्यावर गेल्या. पण ट्रॅक्टरवरील पेरणीयंत्रांतही खताची वेगळी पेटी असते. ती रिकामी ठेवून वरून खत फोकणे हा आळस आहे.

कोणते खत, यावर वाद पुष्कळ आणि फरक त्यामानाने थोडा. ५० किलोच्या डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तेवढ्याच गोणीत ८ किलो स्फुरद, पण त्यासोबत साडेपाच किलोच्या आसपास गंधकही असते. सोयाबीन, भुईमूग, करडई आणि कडधान्ये यांना ते गंधक हवेच असते. डीएपी विरघळताना दाण्याभोवतीचा सामू वाढतो. चुनखडीच्या जमिनीत ते पृष्ठभागावर पडले तर त्यातील नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडतो. म्हणून सुपर फॉस्फेटला ‘गरिबाचे खत’ म्हणून नाके मुरडणे चुकीचे आहे. गोणीवरचा आकडा मोठा म्हणून खत चांगले, हा हिशेब किराणा दुकानातही कोणी करत नाही. ठिबकवाल्यांसाठी आणखी एक सूचना. जड पाण्यात स्फुरदयुक्त खत सोडले तर कॅल्शियम फॉस्फेट नळीतच तयार होते आणि तोट्या पांढऱ्या पुटाने बुजतात. जमिनीतला खेळ तेथे डोळ्यांसमोर घडतो. अलीकडे, २०२३ पासून, नॅनो डीएपीच्या बाटल्या आल्या आहेत. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे ८० ग्रॅम स्फुरद असते आणि गोणीत २३ किलो. पानांवरील फवारणी फुलोऱ्याच्या वेळी पिकाला हात देते. कडधान्यांवर दोन टक्के डीएपीची फवारणी कित्येक वर्षे सांगितली जात आहे. पण ८० ग्रॅमने २३ किलोंची जागा घेतली असे कोणी सांगू लागला, तर त्याला तराजू दाखवावा.

सेंद्रिय खतांविषयी आपल्या मंडळींत दोन टोके आढळतात. एकाला शेणखत म्हणजे मागासलेपण वाटते, दुसऱ्याला चिमूटभर शेणात सर्व काही आहे असे वाटते. तथ्य पाहावे. चांगल्या शेणखतात स्फुरद ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टनाला साधारण दोन किलो. दहा गाड्या खताने वीस-एक किलो मिळतील, दहा किलो शेणाने काही ग्रॅमच मिळतील. गाय स्फुरद निर्माण करत नाही, चाऱ्यातले परत देते. परंतु चुनखडीच्या जमिनीत शेणखताचे खरे काम त्याच्या टक्केवारीत नाहीच. १९८८ मध्ये अमेरिकेतील इन्स्किप आणि सिल्व्हरटूथ या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवले, की कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील ह्युमिक आणि फल्विक आम्ले हायड्रॉक्सीॲपेटाइटचे स्फटिक बनू देत नाहीत. म्हणजे स्फुरदाचे ‘दात’ होण्याची प्रक्रियाच ती रोखून धरतात. शेणखत खताला पर्याय म्हणून जेवढे मोलाचे, त्याहून अधिक ते खताचे रक्षक म्हणून मोलाचे आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ज्वारी-गहू पिकांवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर शेणखत दिलेला भाग सरस ठरतो, हे त्या प्रयोगाचे आणि देशातील अशा बहुतेक प्रयोगांचे सांगणे आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसून कंपोस्टची पद्धत शास्त्रशुद्ध केली, ती भारतीय शेतकऱ्याला गुरू मानून. आपण मात्र आपल्या उकिरड्याकडे पाठ फिरवली.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीतही असाच विवेक हवा. प्रयोगशाळेतील तबकडीत हे जिवाणू आम्ल सोडून स्फुरद सुरेख मोकळे करतात. पण १९९८ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की भोवताली सामू धरून ठेवणारी व्यवस्था असेल, जशी आपल्या क्षारीय काळ्या मातीत असते, तेव्हा त्यातील बहुतेक जिवाणूंची ही शक्ती लोप पावते. आम्ल बनते, पण चुनखडी ते पिऊन टाकते. म्हणून दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक चोळणे स्वस्त आहे, ते जरूर करावे. त्यावर विसंबून खत बंद करू नये. मुळांवर वाढणारी मायकोरायझा बुरशी या कामी अधिक भरवशाची, कारण ती आम्लाच्या जोरावर नाही, लांबीच्या जोरावर काम करते. मूळ जेथे पोहोचत नाही तेथे तिचे तंतू पोहोचतात.

आणि आता आपल्या पीकपद्धतीविषयी, कारण येथे परंपरेला विज्ञानाने दिलेली साक्ष आहे. पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालले की पायांना आंबट दव लागते. जुनी माणसे पिकावरून स्वच्छ फडके फिरवून ते पिळून घेत आणि ती आंब पोटदुखीवर जपून ठेवत. हरभरा पानांतून जशी आम्ले सोडतो, तशीच मुळांतूनही सोडतो. मुळांच्या स्रावात सायट्रिक आम्ल बरेच असते आणि ते कॅल्शियमला पकडून त्याच्याशी बांधलेले स्फुरद सोडवते. जिवाणूंचे आम्ल जमीनभर विखुरते. हरभऱ्याचे आम्ल मुळाच्या अगदी त्वचेपाशी, दाटीने सुटते. चुनखडीच्या काळ्या रानात, पाण्याविना, अत्यल्प खतावर हरभरा का येतो याचे एक कारण हे आहे. तुरीची कथा वेगळी. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅटमध्ये नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आढळले, की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडतात आणि लोहाशी जखडलेले स्फुरद मोकळे करतात. इतर पिके स्फुरदाविना जेथे तग धरत नाहीत, त्या लाल मातीत तूर जगली. लोहाला तूर, चुन्याला हरभरा! आपल्या पूर्वजांना ही रसायने ठाऊक होती, असा दावा करण्याचे कारण नाही. पण शतकानुशतके कोणत्या रानात काय पेरायचे आणि कशाच्या मागे काय घ्यायचे हे त्यांनी पाहून, पारखून ठरवले होते. सलग ऊस आणि सलग सोयाबीनच्या मोहात ती पारख सुटत चालली आहे.

अतिरेकाचा दंडही ठाऊक असावा. स्फुरदाचा साठा भरपूर असताना आणखी ओतत राहिले, तर पिकाला जस्त आणि लोह मिळणे अवघड होते. चुनखडीमुळे ती आधीच दुर्मीळ असतात. उसावर केवडा पडला, पाने पांढरट पिवळी झाली, की बिचारा शेतकरी आणखी एक गोणी आणतो. दुखणे वाढवणारे औषध तो स्वतःच्या पैशाने विकत घेतो.

हा प्रश्न एका शेताचा राहत नाही, तो राष्ट्राचा कसा होतो तेही पाहिले पाहिजे. १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले आणि युरोपात हाडांना मागणी आली. १८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी डॉ. व्होल्कर यांना पाठवले. १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी भारतातून बाहेर जाणाऱ्या हाडांची आणि तेलबियांची दखल घेतली होती; त्यांच्याबरोबर जमिनीचा कस देशाबाहेर जात होता. आज प्रवाह उलट दिशेने, पण पुन्हा आपल्या खर्चाने वाहतो. देशाला दरवर्षी एक कोटी टनांच्या आसपास डीएपी लागते, त्यातील निम्म्याहून अधिक तयार स्वरूपात आयात होते आणि देशात बनते त्याचाही कच्चा माल बहुतांशी बाहेरचा. जगातील फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे, मध्य प्रदेशात काही साठे आहेत. पण त्यातील बराच दगड हलक्या प्रतीचा आणि गरजेच्या मानाने थोडा. शिवाय कच्चा फॉस्फेट खडक दळून थेट टाकणे कोकणच्या आम्ल मातीत जमते, चुनखडीच्या जमिनीत तो तसाच पडून राहतो. २००८ मध्ये डीएपीचा जागतिक भाव टनाला हजार डॉलरच्या पलीकडे गेला. २०२१ मध्ये चीनने निर्यात आवळली. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने गोणीमागचे अनुदान ५०० रुपयांवरून १२०० रुपयांवर नेले, तेव्हा कुठे शेतकऱ्याला गोणी १२०० रुपयांना मिळू शकली. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध आले. तो सारा भार शेवटी करदात्याने उचलला. त्यात या सभागृहातील नोकरदार कुटुंबेही आली.

शहरी कुटुंबांचा संबंध अनुदानापाशी संपत नाही. धान्यातून, भाजीतून, दुधातून स्फुरद शहरात येते आणि परत जात नाही. ते सांडपाण्यात उतरते. पुण्याच्या मुळा-मुठा आणि पवना नद्यांवर दरवर्षी जो जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि पुढे उजनीच्या जलाशयात जे हिरवे पाणी दिसते, त्याच्या पोषणात या स्फुरदाचा मोठा वाटा आहे. मोरोक्कोहून विकत आणलेला दगड सोलापूरच्या रानात अर्धा अडकतो आणि जो सुटतो तो पुण्यामार्गे उजनीत जलपर्णी पोसतो, असे हे चक्र तुटलेले आहे. ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे खत करणे हा नागरी शिस्तीचा विषय मानला जातो. तो अन्नसुरक्षेचाही विषय आहे.

कार्यकर्त्याने गावात गेल्यावर काय करावे? प्रथम माती परीक्षण. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातील सुरतगढ येथून सुरू झाली. पत्रिका घरोघरी पोहोचल्या, पण त्यांतील किती वाचल्या गेल्या हे गावात विचारून पाहावे. चुनखडीच्या जमिनीसाठी स्फुरदाची तपासणी ओल्सेन पद्धतीनेच झालेली हवी. १९५४ मध्ये अमेरिकेत विकसित झालेली ही पद्धत खाण्याच्या सोड्याचे द्रावण वापरते. आम्ल वापरणाऱ्या इतर पद्धतींत चुनखडी ते आम्लच संपवते आणि आकडा फसवा येतो. हेक्टरी १० किलोच्या खाली स्फुरद असेल तर जमीन गरीब, १० ते २५ मध्यम आणि त्यावर असेल तर भरपूर. येथे एक गफलत नेहमी होते. हा आकडा मूलद्रव्याचा आहे. गोणीवरचा आकडा त्याच्या ऑक्साइडचा असतो आणि तो २.२९ पटीने मोठा दिसतो. पत्रिकेवरचे १० किलो म्हणजे गोणीच्या भाषेत जवळजवळ २३ किलो.

नमुना घ्यावा तो पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची आणि खताच्या ओळीची जागा टाळून, शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खड्डे करावेत, एका बाजूची माती काढून एकत्र करावी, चौथाईने कमी करत अर्धा किलो ठेवावी. आकडा भरपूर आला तर शेतकऱ्याला एकदम खत बंद करायला सांगू नये. तो ऐकणार नाही आणि न ऐकण्यात त्याची चूक नसेल. एका पट्ट्यात त्याची नेहमीची मात्रा, शेजारच्या पट्ट्यात निम्मी मात्रा पाभरीने ओळीत पेरून, असा प्रयोग त्याच्याच शेतात करावा. मळणीच्या दिवशी कार्यकर्त्याने काटा घेऊन खळ्यावर हजर राहावे, दोन्ही पट्ट्यांचे वजन शेतकऱ्याच्या हाताने करवून घ्यावे आणि ते आकडे गावातल्या फळ्यावर लिहावेत. तीन वर्षांनी तोच नमुना पुन्हा तपासावा.